रक्त गाळण्याच्या उपचाराची चाचणी मिरजेत घ्या

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिरज



माझ्या भाच्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. सांगलीला जायचं म्हटलं की तो आदल्या रात्रीपासून जेवत नाही, आणि आष्ट्याला एसटी थांबली की सगळ्यांच्या आधी खाली उतरतो. शौचावाटे रक्त पडतं हे त्यानं लाजेनं घरात सांगितलंच नव्हतं. मूळव्याधीच्या मलमावर महिने काढले. निदान झाल्यावर मेसालामाइन सुरू झालं, पुढे स्टेरॉइड. डोस उतरवला की रक्त पुन्हा दिसतं.

यापुढची पायरी इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांची. त्यांनी अनेकांना तारलं आहे. पण जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि अंगात दबून बसलेला क्षय या इंजेक्शनांनी उसळू शकतो. आमच्या घरात क्षय होऊन गेलाय, त्यामुळे झोप लागत नाही.

जपानमध्ये 2000 पासून विम्यात मिळणारा एक उपचार आहे. एका हाताच्या शिरेतून रक्त घेतात, सेल्युलोज ॲसिटेटच्या दोन मिलिमीटरच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून सोडतात आणि दुसऱ्या हातातून परत देतात. आतड्यात सूज भडकवणाऱ्या ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मण्यांना चिकटून राहतात. मिनिटाला 30 मिली, तासभर. सहसा आठवड्यातून एकदा, पाच किंवा अधिक वेळा. औषधानं सगळी प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागत नाही, हे मला आमच्यासारख्यांसाठी फार मोलाचं वाटतं.

तरी यंत्र उद्याच विकत घ्या, असं माझं म्हणणं नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-युरोपातल्या चाचणीत खरा उपचार आणि दिखाऊ उपचार यांत ठोस फरक दिसला नाही. जपानी डॉक्टर मात्र आजही तो वापरतात. ज्यांचं स्टेरॉइड सुटत नाही आणि ज्यांना क्षयाचा धोका आहे, अशा आपल्या भागातल्या रुग्णांवर काय गुण येतो, ते इथेच तपासावं लागेल.

डायलिसिसमुळे रक्त शरीराबाहेर फिरवण्यात तरबेज तंत्रज्ञ आणि परिचारिका सरकारी रुग्णालयांत आहेत. आपण आधी सांगली-साताऱ्यातल्या कोलायटिसच्या रुग्णांची नोंदवही सुरू करावी, मग नैतिक समितीच्या मंजुरीनं, दिखाऊ उपचाराचा गट ठेवून छोटी चाचणी आखावी. नळकांड्यांचा खर्च रुग्णावर पडू नये. निकाल उलटा आला तरी तो छापावा.

आराखडा ठरवायच्या बैठकीला रुग्णांनाही बोलवा. इस्लामपुरातून आम्ही येऊ. वेळ तेवढी दुपारची ठेवा, सकाळचे तास या आजारात घराबाहेर पडायचे नसतात.

आपला नम्र,
एका रुग्णाचा मामा
इस्लामपूर, ता. वाळवा, जि. सांगली