वजनकाटा लावा, पण ताटही मोजा!

‘लठ्ठपणा हा पैसेवाल्यांचा रोग, मानोऱ्याच्या शेतमजुराच्या पोराला त्याचे काय?’ असे आपल्या चळवळीतलेही काही जण म्हणतात. आम्हाला हा समज धोक्याचा वाटतो.

२०१६ ते २०१८ दरम्यानच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयाची २४ टक्के मुले-मुली कृश आढळली आणि ५ टक्के जादा वजनाची. म्हणजे भूक गेलेली नाही, वर लठ्ठपणा आला आहे. या दोन्हींचे मूळ किती जवळ आहे, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासातून दिसले. तिथे जन्मलेली बाळे वजनाला हलकी होती, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक. आईच्या पोटातले कुपोषण लेकराला पुढे मधुमेहाच्या वाटेवर नेऊ शकते. मग पिढ्यान् पिढ्या ज्यांना अर्धपोटी ठेवले गेले, त्यांनीच या प्रश्नाकडे पाठ फिरवायची?

पण जनजागृतीच्या नावाखाली जे चालते, तेही आम्हाला मान्य नाही. भिंतीवर पोस्टर लागते, ‘जंक फूड टाळा, व्यायाम करा’ असे भाषण होते आणि सगळा दोष पोराच्या जिभेवर ढकलला जातो. व्यवस्था काय करते? शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. वाढीच्या ऐन वयात, नववीत पाय ठेवताच ताट बंद! २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितले. स्वस्तातली प्रथिने काढून घ्यायची आणि शाळेच्या फाटकापाशी पाच रुपयांचे तेलकट, खारट पाकीट लटकत ठेवायचे. वरून उपदेश संतुलित आहाराचा! हा दुटप्पीपणा आहे.

नियम नाहीत असेही नाही. मे २०१७ मध्ये राज्याने शाळेच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि ५० मीटर परिसरात असे पदार्थ विकता येत नाहीत. अंमलबजावणी कोण मागणार?

आपणच मागायची. मानोरा तालुक्यातल्या तरुणांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांसोबत बसावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून एकदा तपासणी व्हायची असते. प्रत्येक मुलाची उंची-वजनाची नोंद पालकांच्या हाती पडली का, विचारावे. मोठ्यांचा बीएमआयचा आकडा किशोरांना लागू नाही, त्यांचे मोजमाप वयानुसार होते, हेही घरोघरी सांगावे. अंड्याचा निधी आणि दहावीपर्यंत आहार यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शासनाला निवेदन द्यावे. मैदान मुलींनाही तितकेच मिळाले पाहिजे.

आणि वर्गात कुणाला ‘ढोल्या’ म्हणून हिणवले जात असेल, तर तिथे गप्प बसू नका. जन्मावरून हिणवणे ज्यांनी सोसले, त्यांनी शरीरावरून हिणवणे कसे चालवून घ्यावे?

१९२७ ला महाडचा लढा केवळ तहानेचा नव्हता, माणूस म्हणून समान हक्काचा होता. लेकरांच्या ताटाचा लढाही तसाच आहे. वजनकाटा शाळेत जरूर आणा. पण आधी ताटात काय वाढले, याचा हिशेब द्या.

जय भीम!