घोड्याच्या शेजारून चालणारी माणसं



या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. लोणच्याचा नाही, मुलांच्या परीक्षांचा नाही, आल्या-गेल्याचाही नाही. विषय आहे घोड्याचा! हसू नका हं. एका भगिनीच्या पत्रावरून तो निघाला आणि ते पत्र हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं.

या भगिनी तालुक्याच्या गावी राहतात. मुलगा सहा वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठ, पाठ सावरत नाही, आधाराशिवाय फार वेळ बसवत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं की घोड्यावर बसवलं की अशी मुलं चालायला लागतात. मोठ्या शहरात एके ठिकाणी सोय आहे म्हणे, पण वर्षभराचे पैसे आगाऊ भरायचे. सासूबाई नातवासाठी स्वतःच्या पाटल्या मोडायला निघाल्या आहेत. यजमानांना हे सगळं खूळ वाटतं. दोघांच्या मध्ये बाई उभ्या आहेत आणि विचारताहेत, काय करू?

मी काही डॉक्टर नव्हे. घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. पण या विषयावर जे मिळालं ते वाचलं आणि त्यावरून माझं मत असं झालं, की पाटल्या इतक्यात मोडू नयेत आणि खूळ म्हणून विषय उडवूनही लावू नये. का, ते सांगते.

लिस हार्टेलची गोष्ट

डेन्मार्कमध्ये लिस हार्टेल नावाची एक तरुणी होती. घोडेस्वारीत नाव कमावलेली. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तिला पोलिओ झाला. तेव्हा ती दुसऱ्या खेपेची गरोदर होती. बाळ सुखरूप जन्माला आलं, पण आईचं अंग लुळं पडलं. पुढे हळूहळू बळ येत गेलं, तरी गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले ते गेलेच. बाईने मात्र पुन्हा घोड्यावर बसायचं ठरवलं. चढता-उतरताना दुसऱ्याने मदत करायची आणि एकदा मांड बसली की पायांचं काम कमरेने, पाठीने, अंगाच्या भाराने करायचं.

ऑलिंपिकमध्ये घोड्याला शिस्तीत, तालात चालवून दाखवण्याची ड्रेसाज नावाची स्पर्धा असते. पूर्वी ती फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होती. १९५२ साली हेलसिंकीला प्रथमच तिथे बायकांना वाव मिळाला आणि 'ज्युबिली' नावाच्या आपल्या जनावरावर बसून लिसने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. पदक घेताना तिला चौथऱ्यावर चढायला हात दिला तो सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या स्पर्धकाने. १९५६ साली पुन्हा रौप्यपदक!

तिच्या उदाहरणाने युरोपात पुष्कळांचे डोळे उघडले. अपंग मुलांना घोड्यावर बसवण्याचे प्रयोग ठिकठिकाणी सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९६९ साली 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' ही संस्था निघाली. राजकन्या अ‍ॅन १९७१ पासून तिच्या आश्रयदात्या झाल्या आणि १९८५ साली अध्यक्षा. अमेरिकेतही १९६९ सालीच अशी संस्था उभी राहिली.

आता यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लिसला पदकं मिळाली, पण पाय परत मिळाले नाहीत. घोड्याने तिचा आजार बरा केला नाही. जे उरलं होतं ते वापरायला मात्र शिकवलं.

घोडा करतो तरी काय?

घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ वर-खाली होते, डावी-उजवीकडे झुलते आणि पुढे-मागेही सरकते. वर बसलेल्याची कंबर त्याबरोबर हलते आणि ती हालचाल आपल्या चालण्यातल्या कमरेच्या हालचालीशी पुष्कळ जुळते. जे मूल कधी चाललंच नाही, त्याच्या शरीराला चालणं म्हणजे काय याची थोडी ओळख अशी होते. प्रत्येक पावलाला तोल किंचित जातो आणि किंचित सावरावा लागतो. मुलाला वाटतं आपण फेरफटका मारतोय, आणि पाठीचे, पोटाचे स्नायू मुकाट्याने कामाला लागलेले असतात! पाय दोन्हीकडे फाकून बसल्यामुळे मांड्यांचे ताठ स्नायू ताणले जातात ते वेगळंच.

यात दौड नाही की उड्या नाहीत. अर्ध्या तासाच्या आसपास सावकाश चाल, एवढंच. मध्येच थांबायचं, पुन्हा निघायचं, वळायचं. कधी मुलाला उलट तोंड करूनही बसवतात.

हे काम तीन तऱ्हेचं असतं. पहिल्यात फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून उपयोग करतात. दुसऱ्यात खास शिक्षण घेतलेले शिक्षक अपंग मुलांना घोडेस्वारीच शिकवतात. तिसऱ्यात मानसोपचाराची माणसं मनाच्या दुखण्यासाठी घोड्याची मदत घेतात. चौकशी करताना यातलं नेमकं काय, हे आधी विचारावं.

एका मुलामागे चार माणसं

मला सगळ्यांत मोलाची वाटली ती घोड्याभोवतीची माणसं. नव्या किंवा तोल न सावरणाऱ्या मुलासाठी चार-चार माणसं लागतात, बरं का.

एक जण घोड्याच्या डोक्याशी, दोर धरून. त्याचं लक्ष घोड्यावर. कान कुठे वळले, शेपूट का झटकतोय, हे त्याने बघायचं. मुलाकडे सारखं वळून बघायचं नाही.

दोघं दोन्ही बाजूंनी चालणारी. मुलाच्या मांडीवर आडवा हात ठेवून, गरज असेल तर घोट्याशी धरून. हात भरून येतात हो! मग बाजू बदलायची, पण एकाने आधार दिल्याशिवाय दुसऱ्याने सोडायचं नाही. आणि बडबड करायची नाही. सूचना एकाच आवाजात यायला हव्यात. तिघं तीन दिशांनी बोलू लागले की मूल गोंधळतं. आपल्या घरी मूल जेवायला बसलं की आई, आजी आणि आत्या एकदम बोलतात, तेव्हा काय होतं ते आठवा.

आणि चौथे ते शिक्षक किंवा थेरपिस्ट. पुढच्या पावलाला काय करायचं हे त्यांनी ठरवायचं. शेजारून चालणाऱ्यांना हात कधी घट्ट करायचा आणि कधी सैल सोडायचा, तेही तेच सांगतात. मूल तिरकं झालं की लगेच सरळ करायचं नसतं. क्षणभर थांबायचं. ते आपणहून सावरतंय का बघायचं. नाहीच जमलं तर हात आहेच. सारखं धरून ठेवलं तर पाठीच्या स्नायूंना काम उरतच नाही आणि मग घोडा काय आणि खुर्ची काय, सारखंच.

ब्रिटनमधल्या त्या संस्थेचा सगळा डोलारा हजारो स्वयंसेवकांवर उभा आहे. विनामोबदला येऊन शेणही काढायचं, खराराही करायचा आणि दुसऱ्याच्या लेकराशेजारून चालायचंही. पण त्यांनाही आधी शिकवतात. काही वेडंवाकडं झालं तर मुलाला झटकन खाली कसं घ्यायचं, याचा सराव करून घेतात.

आणि घोडा? तो वरातीतला नाचरा घोडा चालत नाही. शांत, सरावलेलं जनावर लागतं. चाकांची खुर्ची जवळ आली, कुणी किंचाळलं, कुबडी खाली पडली, तरी बिथरता कामा नये. तोल न सावरणारं मूल पाठीवर असलं की त्याच्याही पाठीला त्रास होतो. म्हणून त्याच्या दिवसातल्या फेऱ्या मोजून ठरवलेल्या असतात आणि वजनाचंही बंधन असतं.

मनाच्या दुखण्यासाठी

समुपदेशनासाठी जिथे घोडे असतात तिथे पुष्कळदा स्वारी करतच नाहीत. जमिनीवर उभं राहूनच काम चालतं. एक मानसोपचाराचा जाणकार आणि एक घोड्यांचा जाणकार, अशी जोडी असते. घोड्याला दोर लावून आणा, असं साधंच काम देतात.

घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. समोरच्याचं अंग आखडलंय, श्वास अडकलाय, हे त्याला चटकन कळतं. २०१६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २८ घोड्यांना माणसांचे रागावलेले आणि हसरे चेहरे फोटोत दाखवले. रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढले. म्हणजे रागावलेल्या चेहऱ्याने घोड्यापुढे गेलं, तर तो बिचकू शकतो. दोर ओढून उपयोग होत नाही, आरडाओरडा करून तर नाहीच. ज्या मुलीला घरात कुणी मोठ्याने बोलू दिलं नाही, तिला खांदे सरळ करून उभं राहावं लागतं तेव्हा घोडा दोन पावलं येतो. मग त्यावर बोलणं निघतं. ते बोलणं ऐकणारं माणूस जाणकार नसेल, तर उरते ती नुसती सहल.

खरं किती, आशा किती?

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत तोल, बसणं, अंगावरचा ताबा यांत काहींना फायदा होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सगळ्यांना होतो असं नाही, आणि नेहमीचे व्यायाम बंद करून तर नाहीच नाही. स्वमग्न मुलांसाठी अमेरिकेत २०१५ साली एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. सव्वाशेच्या आसपास मुलं घेतली. काहींना १० आठवडे घोड्यावर बसवलं; बाकीच्यांना तबेल्यातच घोड्याविषयी शिकवलं, पण खऱ्या घोड्याऐवजी घोड्याएवढं मोठं खेळणं दिलं. खऱ्या घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि चुळबूळ अधिक कमी झाली, बोलणंही वाढलं. समुपदेशनाच्या बाबतीत मात्र पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून मनाच्या आजाराची औषधं घोड्याच्या भरवशावर कुणी बंद करू नयेत.

आपल्याकडेही मोठ्या शहरांतून अशी केंद्रं निघू लागली आहेत. पण माथेरानच्या किंवा चौपाटीवरच्या घोड्यावर मुलाला फिरवून आणलं म्हणजे उपचार झाला, असं समजू नका. तो मोतद्दार आपल्या कामात तरबेज असेल, पण तुमच्या मुलाची पाठ सावरायचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नसतं. तोल न सावरणाऱ्या मुलाला तिथे बसवू नये.

जाण्यापूर्वी हे पाहा

१. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आटोक्यात नसलेल्या फिट्स, खुब्याचा निखळलेला सांधा, ठिसूळ हाडं, पाठीचा मोठा बाक, बसून झालेल्या जखमा असतील तर घोडा धोक्याचा ठरू शकतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे मणके सैल नाहीत ना, हे तपासल्याशिवाय मुळीच बसवू नये.

२. केंद्राने डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीच पाहिजे. न मागता पैसे घेत असतील, तर तिथूनच परत फिरा.

३. मुलाला घेऊन जाण्याआधी एकटीने जाऊन दुसऱ्या मुलाचा अर्धा तास बघा. थेरपिस्ट स्वतः हजर असतात का? शेजारून किती जण चालतात? मुलाला हेल्मेट आहे का? मुलाला खोगिराला कधीही बांधत नाहीत. घोडा पडला तर बांधलेलं मूल त्याच्याखाली सापडेल.

४. घोड्याकडेही बघा. बरगड्या दिसताहेत, पाठीवर घट्टे आहेत, कान सारखे मागे पाडलेले आहेत, तर ते जनावर सुखात नाही. त्रासलेल्या जनावरावर लेकरू बसवू नये.

५. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते पाहा. तबेल्यात जायचं तर ती हवीच. दमा किंवा केसांची अ‍ॅलर्जी असेल तर तसं सांगा.

६. 'चालेलच' अशी हमी देणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. वर्षाचे पैसे आगाऊ मागत असतील, तर महिन्याचे देऊ म्हणा. दोन-तीन महिन्यांत नेमकं काय बदलायला हवं, ते थेरपिस्टकडून लिहून घ्या. पाच मिनिटं आधाराशिवाय बसणं, असं काहीतरी मोजता येण्यासारखं.

७. केंद्र लांब असेल आणि जाण्या-येण्यातच मूल आणि आई दमून जाणार असतील, तर गावातल्या फिजिओथेरपिस्टचे रोजचे व्यायाम अधिक फळ देतील. त्यात कमीपणा काही नाही.

त्या भगिनींच्या यजमानांना आणि सासूबाईंना हा अंक जरूर वाचायला द्यावा, आणि तिसऱ्या कलमाला दोघांनाही बरोबर न्यावं. घरातल्या सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मे वाद मिटतात.

शेवटी घोडा ज्यांच्या आवाक्यात नाही त्यांच्यासाठी. शेजारून चालणाऱ्यांची ती रीत घरी फुकट वापरता येते. मूल सदऱ्याचं बटण लावायला धडपडतंय, घास तोंडापर्यंत नेताना सांडतंय, तेव्हा हात जवळ ठेवायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. थेरपिस्टांनी घरी काय करून घ्यायचं सांगितलं असेल, तिथेही हेच. वेळ लागतो, फरशी पुसावी लागते, हे मला ठाऊक आहे. पण दहाच्या आत कधीतरी ते बटण लागतं.