सिस्टरची रात्रपाळी
पेणची किंवा रोह्याची मुलगी नर्सिंगला निघाली की घरच्यांना घोर असतो फीचा आणि होस्टेलचा. तिला बायपोलर असेल, तर खरी परीक्षा रात्रपाळीची. सलग जागरणांनी मोडलेली झोप या आजारात उन्मादाला आयतं निमंत्रण देते; लिथियम चालू असेल, तर रक्तातली त्याची पातळीही वेळोवेळी तपासावी लागते. म्हणजे ड्युटीचा तक्ता हा तिच्या उपचाराचाच भाग. पण तो बदलून मागायचा तर आजार सांगायला हवा, आणि ‘पेशंट सांभाळणारी स्वतःच पेशंट?’ ही कुजबुज डॉक्टरांच्या राउंडआधी वॉर्डभर फिरते. मधुमेही सिस्टरच्या इन्सुलिनचं मात्र कुणाला काही वाटत नाही! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मानसिक आजारालाही लागू आहे; सरकारी आस्थापनेनं अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आणि आजारी बाईला हे काम झेपत नाही असं वाटत असेल, तर आठवा: फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ मध्ये परतली, ती पुढं वर्षानुवर्षं आजारी आणि खचलेली. तिची लंडनची परिचारिका शाळा उभी राहिली त्यानंतर, १८६० मध्ये. तेव्हा मेट्रनबाई, तक्ता लावताना अशा सिस्टरला एकदा खासगीत विचारा. आणि सिस्टर, टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही.