काहुइताची वहिवाट

प्रवासवर्णनांच्या हल्लीच्या बाजारात ‘अल्पपरिचित स्थळे’ या मथळ्याखाली जे काही खपवले जाते, त्यात तिथे पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या माणसाचा उल्लेख आलाच तर बहुधा शेवटच्या ओळीत, खाणावळीच्या दरांच्या शेजारी येतो. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील काहुइता या चिमुकल्या गावाविषयी लिहिताना हा क्रम उलटा करणेच न्याय्य आहे. कारण या गावातील सर्वांत प्रेक्षणीय वस्तू समुद्र नव्हे, प्रवाळही नव्हे, तर गावाच्या टोकाला, केली क्रीक या ओढ्यापाशी असलेले राष्ट्रीय उद्यानाचे साधेसुधे प्रवेशद्वार होय, जिथे आपले नाव वहीत लिहावे, स्वखुशीने काय द्यायचे ते द्यावे आणि प्लाया ब्लांकाच्या वाळूवरून चालू लागावे.

ही सवलत सरकारी औदार्याने मिळालेली नाही. १८२८ मध्ये विल्यम स्मिथ नावाचा कासवांचा शिकारी बोकास देल तोरोकडून येऊन इथे स्थायिक झाला. पुढे रेल्वेच्या आणि केळीच्या मळ्यांच्या कामासाठी जमैकाहून आणलेल्या मजुरांच्या वंशजांनी या मुलखात नारळ व कोको लावला. आणि तरीही इंग्रजी बोलणारी ही कृष्णवर्णीय रयत १९४९ पर्यंत देशाच्या दप्तरी बव्हंशी परकीच राहिली. गावाला धड सडक मिळाली ती १९७० च्या दशकात. सरकारची नजर मात्र त्याआधीच पोहोचली होती: प्रवाळरांगेच्या रक्षणार्थ १९७० मध्ये हा किनारा राष्ट्रीय स्मारक ठरला, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. रक्षणाचा हेतू खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु एस्त्रेया नदीच्या खोऱ्यातील मळ्यांतून व तोडलेल्या रानांतून वाहून येणारा गाळ प्रवाळाचा श्वास कोंडत असताना कायद्याचा बडगा आधी होडीवाल्याच्या पाठीत बसावा, यातला विपर्यास नजरेआड करता येत नाही. त्याच सुमारास मोनिलिया नामक बुरशीने कोकोच्या बागा ओस पाडल्या; २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपाने किनाराच वर उचलला जाऊन प्रवाळाचा काही भाग उघडा पडला; आणि मग उरला तो आधार केवळ पाहुण्यांचा. १९९४ मध्ये परदेशी प्रवाशांवरील प्रवेशशुल्क एकदम १५ डॉलरवर नेण्याचा हुकूम सुटला, तेव्हा गावकऱ्यांनी उद्यानाचा हा दरवाजाच ताब्यात घेतला आणि शुल्काच्या जागी ऐच्छिक दान आणले. अखेर सरकारला ग्रामस्थांसह संयुक्त व्यवस्थापन मान्य करावे लागले. आपल्या मामलेदार कचेरीत ज्याला वहिवाट म्हणतात, तिचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

वहिवाट केवळ जमिनीची नसते. नकाशावर ओल्ड हार्बरचे पुएर्तो व्हिएहो झाले, ग्रेप पॉइंटची पुंता उवा झाली. तरी भेटताच ‘वॉप्पिन?’ म्हणून खुशाली विचारणारी क्रिओल इंग्रजी टिकली. ही वहिवाट टिकली ती काही अंशी चुलीवरही. देशभर भात आणि घेवडा खातातच, पण इथे तो भात नारळाच्या दुधात शिजतो, त्यात सुगंधी पाला आणि एक जहाल मिरची अख्खी, न फुटेल अशा बेताने सोडलेली असते. तर मासे, कंद आणि कच्ची केळी नारळाच्या रसात मंद आचेवर आटवली की त्याचे रोंदोन होते. कोकणी माणसाला हे वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटले, तर त्यात नवल नाही.

आणि टिकली गाण्यात. वॉल्टर फर्ग्युसन (१९१९–२०२३) यांनी काहुइतात शेती करता करता कॅलिप्सो रचले. ध्वनिफीत मागणाऱ्या प्रवाशासाठी ते घरच्या यंत्रावर प्रत्येक वेळी नव्याने गात, त्यामुळे एक फीत दुसरीसारखी नसे. उद्यानाच्या कायद्याशी झगडून पाण्यात खोपी बांधणारा मनुष्य त्यांच्या ‘कॅबिन इन द वॉटा’ या गाण्याचा नायक आहे. पाहुण्याला हे गाणे गमतीचे वाटते. मला ते तक्रारअर्जच वाटते, फक्त मुद्रांकाशिवाय लिहिलेले. २०१२ मध्ये लिमोन या इथल्या प्रांताच्या कॅलिप्सोला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा देऊन सरकारने तो एका परीने दाखल करून घेतला.

पण गावच्या स्मृतीवर दप्तराने विश्वास ठेवावा लागला त्याचे सर्वांत नवलाचे उदाहरण समुद्राच्या तळाशी आहे. उद्यानाच्या उथळ पाण्यात दोन भग्न गलबते पडलेली आहेत, हे कोळ्यांना पूर्वापार माहीत होते. समजूत एवढीच, की ती चाच्यांची असावीत. स्थानिक तरुण पाणबुडे शिकून तिथे उतरले, त्यांनी मोजमापे घेतली, पिवळ्या विटांच्या राशी पाहिल्या. आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२५ मध्ये जाहीर केले की ती १७१० मध्ये या किनाऱ्यावर फुटलेली ‘फ्रीडेरिकुस क्वार्टुस’ व ‘क्रिस्टियानुस क्विंटुस’ ही डॅनिश गुलामवाहू जहाजे होत. त्यांतून शेकडो आफ्रिकी माणसे इथे जिवंत किनाऱ्याला लागली होती, विल्यम स्मिथच्या होडीच्या तब्बल ११८ वर्षे आधी. ‘पहिला रहिवासी कोण’ हा प्रश्न त्यामुळे आता काहुइताच्या मुलांनाच पुन्हा लिहून काढावा लागणार आहे.