थंड शेवयांचे राजकारण

बीजिंगच्या ईशान्येला, विमानतळाकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गालगत वांगजिंग नावाचे उपनगर आहे. संध्याकाळी तेथील गल्ल्यांतून फिरले तर आपण चीनमध्ये आहोत की सोलमध्ये, असा संभ्रम पडावा. कोरियन लिपीतील पाट्या, निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाचा वास, किमचीचे रटरटते कालवण आणि कचेरी सुटल्यावर सोजूचे पेले पुढ्यात घेऊन बसलेले दक्षिण कोरियन कंपन्यांचे अधिकारी, असा हा थाट. याच शहरात आणखी एका प्रकारची कोरियन उपाहारगृहे होती, आणि त्यांचा मालक होता उत्तर कोरियाचे सरकार. परदेशी राहणाऱ्या दक्षिण कोरियन माणसाने आज कोठे जेवावे, हा साधा प्रश्न त्यामुळे गेल्या दशकात परराष्ट्र धोरणाचा विषय झाला. या धोरणाने साधले काय आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

चीन आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले २४ ऑगस्ट १९९२ रोजी. त्यानंतर कोरियन भांडवल चीनमध्ये आले आणि भांडवलामागोमाग माणसे आली. ह्युंदाईने २००२ मध्ये बीजिंगच्या शुन्यी भागात मोटारींचा संयुक्त प्रकल्प उभारला, तेव्हा वांगजिंग ही कोरियन कुटुंबांची सोयीची वसाहत ठरली. विद्यापीठांजवळचे वूदाओको विद्यार्थ्यांनी गजबजले. या उपाहारगृहांत वाढपी आणि आचारी म्हणून अनेकदा दिसत ते यानब्यान भागातील कोरियन वंशाचे चिनी नागरिक. कोरियन आणि चिनी या दोन्ही भाषा बोलणारा हा समाज परक्या शहरातील पाहुण्यांचा दुभाषाही झाला.

या सुखवस्तू वसाहतीला पहिला मोठा धक्का बसला तो क्षेपणास्त्रांमुळे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या भूमीवर बसवू देण्याचे जाहीर केले. चीनला हे रुचले नाही. यंत्रणेसाठी आपले गोल्फ मैदान देणाऱ्या लोट्टे समूहाच्या चीनमधील बहुसंख्य दुकानांना टाळे लागले आणि पुढे या समूहाने तेथील दुकानांचा व्यवसाय गुंडाळला. ह्युंदाईने २०१६ मध्ये चीनमध्ये ११ लाखांहून अधिक मोटारी विकल्या होत्या. पुढच्याच वर्षी हा आकडा ८ लाखांच्या खाली घसरला. कंपन्यांनी माणसे परत बोलावली की पहिला फटका बसतो तो कोपऱ्यावरच्या खानावळीला. वांगजिंगमधील पाट्या एकामागून एक उतरू लागल्या. सोलमध्ये झालेल्या निर्णयाचा हिशेब बीजिंगमधील आचाऱ्याला चुकवावा लागला.

दुसऱ्या कोरियाचे दार

उत्तर कोरियाच्या उपाहारगृहांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. प्योंगयांगमधील ‘ओकर्युग्वान’ हे सरकारी भोजनगृह थंड शेवयांसाठी प्रसिद्ध आहे. ‘नेंगम्यॉन’ हा तो पदार्थ. कुट्टूच्या पिठाच्या बारीक शेवया बर्फासारख्या गार मांसरसात बुडवून खायच्या. त्याच्या शाखा आणि तशीच इतर भोजनगृहे बीजिंगसह आशियातील अनेक शहरांत निघाली. वाढायला प्योंगयांगहून आलेल्या तरुणी. दिवसा त्या ताटे आणीत आणि रात्री रंगीत पोशाखात अकॉर्डियन वाजवून गात. त्यांचे कुटुंब राजनिष्ठ आहे याची खात्री करूनच त्यांना परदेशी पाठवले जाई. वास्तव्य साधारण तीन वर्षांचे, राहणे सामुदायिक, बाहेर पडणे गटाने आणि कमाईचा मोठा वाटा सरकारजमा.

येथील ठळक गिऱ्हाईक होते दक्षिण कोरियन. स्वतःच्या देशात राहून ज्या उत्तर कोरियन माणसाशी एक वाक्यही बोलता येत नाही, त्याच्याशी येथे आपल्या भाषेत बोलता येई, मग ते बोलणे शेवयांत मोहरी किती घालावी एवढ्यापुरते का असेना. ज्यांचे आईवडील १९५० ते १९५३ च्या युद्धात उत्तरेतून निर्वासित झाले, त्यांच्यासाठी ही चव म्हणजे न पाहिलेल्या गावाची खूण होती. मराठी वाचकाला हे समजणे अवघड नाही. लंडन किंवा दुबईत पाकिस्तानी माणसाच्या खाणावळीत बसून हिंदी-उर्दूत गप्पा मारणारा भारतीय हाच अनुभव घेतो. फरक एवढाच, की तेथे गल्ल्यावर एखादा खासगी माणूस असतो. बीजिंगमध्ये गल्ल्यामागे एक राज्यसंस्था उभी होती.

हाच फरक २०१६ मध्ये कळीचा ठरला. त्या वर्षी जानेवारीत उत्तर कोरियाने अणुचाचणी केली, फेब्रुवारीत अग्निबाण सोडला. दक्षिण कोरियाने सीमेवरील केसाँग औद्योगिक वसाहत बंद केली आणि आपल्या नागरिकांना आवाहन केले, की परदेशातील उत्तर कोरियन उपाहारगृहांत जाऊ नका, तुमचे पैसे बॉम्बकडे जातात. हे आवाहन होते, कायदा नव्हता. पण बीजिंगमधील ज्या कंपनी अधिकाऱ्याला दूतावासाशी संबंध ठेवायचे आहेत, त्याच्यासाठी आवाहन पुरेसे असते. टेबले रिकामी पडू लागली.

तर्क नैतिकदृष्ट्या बिनचूक होता. गणित मात्र तोकडे होते. दक्षिण कोरियाच्याच तेव्हाच्या अंदाजानुसार अशी सुमारे १३० उपाहारगृहे वर्षाकाठी साधारण एक कोटी डॉलर मायदेशी पाठवीत. त्याच २०१६ मध्ये उत्तर कोरियाने एकट्या चीनला विकलेल्या कोळशाची किंमत शंभर कोटी डॉलरहून अधिक होती. म्हणजे शेवयांचा पैसा कोळशाच्या एक टक्काही नव्हता. कोळशाचे जहाज अडवण्यासाठी चीनचे मन वळवावे लागते. आपल्या नागरिकाला जेवू नको म्हणायला काहीच लागत नाही. सरकारांना सोपे उपाय नेहमी आधी सुचतात.

वाढणाऱ्या हातांचे काय?

या सोप्या उपायाची जबर किंमत कोणी मोजली, हे एप्रिल २०१६ मध्ये दिसले. चीनच्या निंगबो शहरातील उत्तर कोरियन उपाहारगृहाचा व्यवस्थापक आणि बारा तरुणी असे तेरा जण सोलमध्ये दाखल झाले. दक्षिण कोरियाने हे स्वेच्छेने केलेले पलायन असल्याचे सांगितले, तेही संसदीय निवडणुकीला काही दिवस उरले असताना. उत्तर कोरियाने अपहरणाचा आरोप केला. पुढे २०१८ मध्ये खुद्द व्यवस्थापकानेच सांगितले, की मुलींना आपण कोठे जात आहोत याची कल्पना नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टोमास ओहेआ किंताना यांनीही त्यांतील काही जणींना भेटून, त्यांना गंतव्य ठाऊक नसल्याचे म्हटले. एकीकडे मागे राहिलेले आईवडील, दुसरीकडे परत गेल्यास होणाऱ्या परिणामांची भीती. दोन्ही कोरियांना या तरुणी पुरावा म्हणून हव्या होत्या.

त्यानंतर जगाने फास आवळला. सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने उत्तर कोरियाशी भागीदारीतील उद्योगांवर बंदी आणली आणि चीनने अशा आस्थापना बंद करण्याचे आदेश दिले. डिसेंबर २०१७ च्या ठरावाने परदेशातील सर्व उत्तर कोरियन कामगार दोन वर्षांत परत पाठवण्याचे बंधन घातले. तरीही मुदत उलटल्यावर चीनमध्ये कामगार उरलेच. पुढे मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरला आणि या निर्बंधांवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाची मुदत एप्रिलअखेर संपली. दक्षिण कोरियन गिऱ्हाईक उठून गेले. निर्बंध मोडणारे मात्र उठले नाहीत.

याचा अर्थ निर्बंध नकोत असा नव्हे. ज्या कामगाराच्या कमाईचा मोठा वाटा सरकार हिरावून घेते, त्याच्या श्रमांना आतिथ्य म्हणून गौरवणे हा भाबडेपणा ठरेल. गाणाऱ्या मुलीचे हसू तिच्या स्वातंत्र्याची साक्ष नव्हते. पण निर्बंधाचे यश त्याच्या काटेकोर अंमलात असते, गाजावाजात नसते. येथे अंमल सर्वांत कडक झाला तो सर्वांत दुबळ्या कडीवर.

एप्रिल २०१८ मध्ये दोन्ही कोरियांचे नेते पानमुनजॉमला भेटले, तेव्हा मेजवानीसाठी ओकर्युग्वानचा आचारी आणि शेवयांचे यंत्रही सीमेपर्यंत आणले गेले. त्या दिवशी सोलमधील नेंगम्यॉनच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. ज्या पदार्थासाठी दोन वर्षांपूर्वी नागरिकांना दटावले, तोच आता सलोख्याचे प्रतीक झाला. तो सलोखाही टिकला नाही. जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग उन यांनी एकीकरणाचे ध्येयच सोडून दिले आणि दक्षिणेला प्रमुख शत्रू ठरवले.

वांगजिंगकडे मात्र वारे किंचित फिरले आहे. नोव्हेंबर २०२४ पासून चीनने दक्षिण कोरियन नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला. बीजिंगमध्ये उतरणाऱ्या कोरियन पाहुण्याला भाजलेले मांस, किमची आणि सोजू सहज मिळेल. मिळणार नाही ती सीमेपलीकडच्या माणसाशी दोन शब्द बोलण्याची जागा. ती जागा पूर्वीही निर्मळ नव्हती. पण तिच्या बदल्यात दोन्ही सरकारांनी आपल्या माणसांना दुसरी कोणतीच दिलेली नाही.