लिलाव कुणी मांडला होता?

इ.स. १९३ म्हटलं की एकच किस्सा हमखास ऐकायला मिळतो. रोमन साम्राज्याचा लिलाव झाला आणि डिडियस ज्युलियानस नावाच्या एका पैसेवाल्या सिनेटरने तो जिंकला. किस्सा खराच आहे. पण त्यात ज्युलियानसला जो एकट्याने दोष दिला जातो, तो मला काही पटत नाही. दुकान त्याने उघडलेलं नव्हतं, तो फक्त गिऱ्हाईक होता.

आधीच्या वर्षाच्या शेवटच्या रात्री कॉमोडसचा खून झाला. (हो, 'ग्लॅडिएटर' सिनेमातला तोच. फक्त खरा कॉमोडस रिंगणात मेला नाही, एका कुस्तीगिराने त्याचा गळा दाबला.) त्याच्या जागी आला पर्टिनॅक्स. गुलामीतून सुटलेल्या माणसाचा मुलगा, आधी मास्तरकी केलेला, मग सैन्यात शिरून वर चढलेला. खजिन्यात बघतो तर शिल्लक फक्त १० लाख सेस्टर्स! आणि प्रेटोरियन गार्डला, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाला, कबूल केलेले माणशी १२,०००. भागाकार करून बघा, ८३ जणांतच गंगाजळी खलास. दल तर काही हजारांचं.

आता ही बक्षिसी काय भानगड आहे? नवा सम्राट आला की त्याने गार्डला पैसे द्यायचे, अशी रीतच पडली होती. जॉइनिंग बोनसच, पण उलटा. रुजू होणाऱ्या साहेबाने शिपायांना द्यायचा. क्लॉडियसने इ.स. ४१ मध्ये माणशी १५,००० कबूल केले होते. ज्याला आपण थोर तत्त्वज्ञ म्हणून वाचतो त्या मार्कस ऑरेलियसने १६१ मध्ये २०,०००. त्याला मात्र कुणी लिलाव म्हणत नाही.

पर्टिनॅक्सने कॉमोडसचे पुतळे, घोडे, शस्त्रं, फर्निचर विकायला काढलं. म्हणजे त्या वर्षीची पहिली विक्री याचीच, आणि तीही गार्डचे पैसे भागवायला. पैसे दिले, पण सोबत शिस्तही लावायला गेला. ते काही झेपलं नाही. २८ मार्चला दोनएकशे सैनिक तलवारी घेऊन राजवाड्यात घुसले. हा पळाला नाही, समोर जाऊन बोलायला लागला. मारला गेला. एकूण कारकीर्द ८७ दिवस.

मग तो प्रसिद्ध लिलाव. गार्डच्या छावणीत आतून बोली लावत होता सुल्पिशियानस, खुद्द पर्टिनॅक्सचा सासरा! जावयाला मारणाऱ्यांशीच भाव चाललेला. (याचं नाव किती जणांना आठवतं?) दाराबाहेर ज्युलियानस. बोली २०,००० वर गेली तेव्हा ज्युलियानसने एका झटक्यात ५,००० वाढवले, बोटांनी आकडा दाखवत. सीमेवरच्या साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा १,२०० च्या आसपास होता, म्हणजे एकेकाला वीस वर्षांचा पगार.

इतिहासकार कॅसियस डिओ तेव्हा रोममध्येच होता, स्वतः सिनेटर. तो सरळ लिहून ठेवतो की बातमी कळल्यावर त्याच्यासारखे लोक घाबरले, पण घरी बसलो तर संशय येईल म्हणून आंघोळ केली, जेवण उरकलं आणि सिनेटमध्ये हजर झाले. तिथे ज्युलियानसला रीतसर मान्यताही मिळाली. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केलं असतं, मी तरी नक्की.

विरोध केला तो रस्त्यावरच्या लोकांनी. दुसऱ्या दिवशी ज्युलियानस दिसताच त्यांनी त्याला साम्राज्यचोर म्हणून शिव्या घातल्या. त्याने पैसे देऊ केले, तर आम्हाला नकोत म्हणून ओरडले. मग रथशर्यतीच्या मैदानात जाऊन बसले, रात्रभर, उपाशी. त्या अख्ख्या वर्षात पैसे नाकारणारे मला हे एवढेच सापडतात.

पुढचं भराभर घडलं. सिरियात नायजर, ब्रिटनमध्ये अल्बायनस आणि डॅन्यूबकडे सेप्टिमियस सेव्हरस, प्रत्येकाच्या हाताशी फौज. सेव्हरस रोमच्या सर्वांत जवळ होता, तो आधी पोचला. ज्या सिनेटने मान्यता दिली त्याच सिनेटने ज्युलियानसला मृत्युदंड दिला, जूनच्या सुरुवातीला.

सेव्हरसने गार्डला निःशस्त्र बोलावलं, वेढलं आणि हाकलून दिलं. इथे पुस्तकं टाळ्या वाजवतात. पण त्याच जागी त्याने स्वतःच्या फौजेतली माणसं भरली आणि पुढे सगळ्या सैन्याचा पगार वाढवला. २११ मध्ये यॉर्कला मरताना त्याने मुलांना काय सांगितलं, तेही डिओनेच नोंदवलंय: आपसात भांडू नका, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांकडे लक्ष देऊ नका. वर्षभरातच थोरल्याने धाकट्याला मारलं, आणि मग तडक गार्डच्या छावणीत जाऊन पैसे कबूल केले.