ढगाखालचं तेल

या विकांताचा विषय जरा तेलकट आहे, आधीच सांगून ठेवतो.

दरवर्षी इंजिनिअरिंगचे कॅप राउंड सुरू झाले की ओळखीपाळखीतून फोन येतात. "अरे, तिला कॉम्प्युटर मिळत नाहीये, केमिकल मिळतंय. घ्यावं का?" आणि आपल्यासारखे आयटीवाले हापिसच्या एसीत बसून बिनदिक्कत सांगतात, "काकू, केमिकल नको. कॉलेज कुठलंही चालेल, पण कॉम्प्युटरच घ्या. पुढचं सगळं सॉफ्टवेअरच आहे. सगळं क्लाउडवर चाललंय."

या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. पगाराचं गणित म्हणून सांगत असाल तर एकवेळ ठीक. पण "पुढचं सगळं सॉफ्टवेअरच" हे शुद्ध अज्ञान आहे आणि आपण ते ज्ञान म्हणून वाटत सुटलोय.

मुळात हा क्लाउड म्हणजे काय हो? कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये गरागरा फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या रांगा. लॅपटॉपमधून हार्ड डिस्क गेली, मान्य. पण ढिगाने साठवायचं असेल तर दर टेराबाइटमागे ती एसएसडीपेक्षा आजही कितीतरी स्वस्त पडते. त्यामुळे तुमचे फोटो, मेल आणि त्यांचे बॅकअप बहुतेक तिच्यावरच असतात.

आता या डिस्कच्या आत डोकावू. तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. बाहेरच्या कडेला हा वेग भरतो ताशी सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे एक्सप्रेस-वेवर पावती फाटेल एवढा. आणि वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीपासून जेमतेम एक-दोन नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा. पाच वर्षं अखंड चाललेली डिस्क सुमारे १९ अब्ज फेऱ्या मारते. एवढ्या फेऱ्यांत हेड कधी ना कधी टेकणारच. तेव्हा ओरखडा पडू नये म्हणून चुंबकीय थरावर कार्बनचा कडक लेप असतो आणि त्याच्यावर वंगण. या वंगणाच्या थराची जाडी किती? सुमारे एक नॅनोमीटर! म्हणजे रेणूंचा जेमतेम एक थर.

इथवरचं प्रकरण अनेक वर्षं सुरळीत चाललं होतं. पीएफपीई नावाची, कार्बन-फ्लोरिन-ऑक्सिजनच्या लांब साखळ्यांची तेलं यासाठी वापरतात. साखळीच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट असतात, ते कार्बनला चिकटून बसतात. काही रेणू असे मूळ धरून बसतात, तर काही फिरते राहतात. हेडने कुठे तेल खरवडलं तर हे फिरते रेणू सरकत येऊन ती जागा भरून काढतात. दोन्ही प्रकार लागतात, आणि योग्य प्रमाणात लागतात.

मग जागा कमी पडायला लागली. बिट लहान करायचा तर चुंबकीय कण लहान करावे लागतात. पण फार लहान कण साध्या खोलीच्या उष्णतेनेही आपली दिशा बदलतात, म्हणजे तुमचा डेटा गुल. उपाय म्हणून लोह-प्लॅटिनमसारखा हट्टी पदार्थ आणला, तर तो हेडलाही दाद देईना. म्हणून लिहिताना लेझरने काही डझन नॅनोमीटरचा ठिपका क्षणभर ४०० ते ४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा, लिहायचं आणि लगेच थंड होऊ द्यायचा. हेच ते हॅमर तंत्रज्ञान.

आता तेलाचं काय होणार? रिफाइंड शेंगदाणा तेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास धूर सोडायला लागतं. इथे तर त्याच्या जवळपास दुप्पट तापमान. प्रत्येक वेळ नॅनोसेकंदाची असते हे खरं, पण अशा किती वेळा! तेल उडालं तर कार्बन उघडा पडतो. शिवाय उडालेलं तेल हेडवर जाऊन जमतं आणि तिथेच लेझरचा प्रकाश एका ठिपक्यात आणणारा सोन्याचा सूक्ष्म भाग असतो.

मग जड रेणू वापरा की! वापरा. उडणार नाहीत, पण घट्ट होतील आणि खरवडलेली जागा भरायला वेळ लावतील. टोकांना हायड्रॉक्सिल वाढवा. वाढवले, आता रेणू इतके चिकटले की फिरतं कोणीच राहिलं नाही. साखळीतला ऑक्सिजन-कार्बन-ऑक्सिजन हा कच्चा दुवा काढून टाका. काढला, पण साखळी ताठरली. बरं, थर जाड करायची सोय नाही, कारण हेडला जागाच नाही. एका बाजूने चादर ओढली की दुसरीकडे पाय उघडे! आपण याला 'ट्रेड-ऑफ' म्हणतो आणि पॉवरपॉइंटमध्ये एका स्लाइडवर उरकतो. या लोकांनी त्यात वर्षानुवर्षं घातली. हॅमरची चर्चा २००० नंतरच्या पहिल्याच दशकात जोरात होती. सीगेटने ३० टेराबाइटच्या पुढची 'मोझॅक ३+' मालिका जाहीर केली ती जानेवारी २०२४ मध्ये. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसवा बघू हे.

आणि प्रश्न सुटलाय असंही नाही. ही तेलं 'पीफास' कुळातली. कार्बन-फ्लोरिनचा जो पक्का बंध त्यांना उष्णतेत टिकवतो, त्याच बंधामुळे हे कूळ निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाही. थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेरपर्यंत पीफासचं उत्पादन थांबवू. जानेवारी २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी जवळजवळ अख्ख्या कुळावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव दिला. उद्या खरंच पर्याय लागला तर तो शोधणार कोण? जावा शिकून टेस्टिंगला लागलेला केमिकल इंजिनिअर?

"पण बाजार पैसे सॉफ्टवेअरलाच देतो ना!" देतो. पोरांवर कर्ज असतं, घर असतं, मला कळतं. पैशासाठी आयटीत येणाऱ्याला माझं काहीच म्हणणं नाही. पण पगाराच्या आकड्यावरून कामाची अवघडता मोजायची हा कुठला न्याय? आपल्याकडे कॅम्पसला कंपन्या 'ऑल ब्रांचेस' म्हणून येतात आणि चार वर्षं रिअॅक्शन, पृष्ठताण, उष्णतावहन शिकलेल्या मुलांना तीन महिन्यांत कोडिंग शिकवून बेंचवर बसवतात. त्या चार वर्षांची किंमत शून्य धरली जाते, आणि हे बघून घरोघरची मंडळीही ती शून्यच धरतात. मुंबईत माटुंग्याला आयसीटी आहे, पुण्यात पाषाणला एनसीएल आहे. रसायनशास्त्रासाठी देशभरातून लोक तिथे येतात. आणि तिथून हाकेच्या अंतरावर राहणारे आपण म्हणतो, "केमिकलला स्कोप नाही."

तेव्हा यंदा फोन आला तर एवढंच करा. पगाराचं जे असेल ते खरं सांगा, लपवू नका. पण मुलीला एकदा विचारा की तिला आवडतं काय. रसायनशास्त्र म्हणाली तर तिला या एक नॅनोमीटरच्या तेलाची गोष्ट सांगा. "सगळं सॉफ्टवेअरच आहे" हे वाक्य मात्र गिळा. तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ शेवटी कुणीतरी तेल लावून ठेवलेल्या तबकडीवर जाऊन बसते. :-)